सही मागता, साथ कधी मागणार?

जून २०२१ मध्ये टेक्सासचे गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी एक विधेयक फेटाळलं. प्रेमसंबंधांतली मारहाण, घरातला छळ आणि मुलांवरचे अत्याचार यांबद्दल शाळांनी मुलांना शिकवावं, असं ते विधेयक सांगत होतं, आणि दोन्ही पक्षांच्या आमदारांनी त्याला मतं दिली होती. गव्हर्नरांचा आक्षेप असा की, आपलं मूल त्या तासाला बसवायचं नसेल तर तसं सांगायचा हक्क पालकांना त्यात दिलेला नाही. त्याच वर्षी विशेष अधिवेशनात विषय पुन्हा आला आणि मंजूर झाला. पण या खेपेला अट आली ती मूळ आक्षेपाच्याही पुढची: पालकांनी आधी लेखी परवानगी दिली, तरच मूल तासाला बसेल.

ज्याला नको त्यानं कळवायचं, ही एक रीत. ज्याला हवं त्यानं कळवायचं, ही दुसरी. विधानसभेत बसून पाहिलं तर दोन्हींत फारसा फरक वाटत नाही. टेक्सासच्या सरकारी शाळांत मात्र सुमारे ५४ लाख मुलं शिकतात आणि त्यांतली निम्म्याहून जास्त हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेल्या घरांतली, आहेत. त्यांतल्या किती घरांत बाप अंधारात उठून छपरांच्या कामाला जातो, आई रात्री ऑफिसं झाडायला जाते आणि शाळेचा कागद दप्तराच्या तळाशी सुरकुतत राहतो, याचा विचार केला की हा फरक डोळ्यांत भरतो. विरोध असलेल्या पालकाचं दोन्ही रीतींत मनासारखं होतंच. ज्याला कागद दिसलाच नाही, समजला नाही किंवा सरकारी कागदावर नाव लिहायचीच ज्याला धास्ती आहे, त्याचं मूल दुसऱ्या रीतीत वर्गाबाहेर बसतं.

ते कागद अमेरिकेत राहणाऱ्या आम्हा मराठी पालकांनाही येतात. ऑगस्ट उजाडला की फोटो काढण्याची परवानगी, टॅबलेटची जबाबदारी, ॲलर्जीची माहिती, बसचा थांबा, सहलीचं हमीपत्र, असा सगळा ढीग शाळेच्या पोर्टलवर येऊन पडतो. इंग्रजीत नोकरी करणारी आमची जमात यातलं निम्मं न वाचता टिचकी मारून मोकळी होते. सातवी-आठवीच्या पुढे न शिकलेल्या, मायदेशी शेतमजुरी करून आलेल्या आईनं याच ढिगातून नेमका 'डेटिंग हिंसाचार' हा मथळा वेचून, समजून घेऊन, 'हो'च्या चौकटीत खूण करावी, अशी अपेक्षा आहे. एवढं झालं की सरकार म्हणणार, आम्ही पालकांना सामील करून घेतलं.

माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. हिस्पॅनिक मुलांमधली ही हिंसा थांबवायची तर त्यांच्या घरांना खरोखरच सामील करून घ्यावं लागेल, आणि आजवर ते फार थोड्यांनी मनापासून केलंय. उदारमतवादी मंडळींनी त्या घरांना अडथळा मानलं, कारण तिथे पुरुषी वर्चस्व आहे, धर्म आहे, मुलींवर बंधनं आहेत. पालकांच्या हक्कांचा झेंडा घेणाऱ्यांनी त्यांना सही करणारा हात मानलं. आई म्हणून, मावशी म्हणून, मोठा भाऊ म्हणून त्या घरात जे माणूसबळ आहे, ते दोघांनीही वापरलं नाही.

आधी प्रश्नाचा आवाका पाहू. अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र, म्हणजे सीडीसी, दर दोन वर्षांनी नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांची देशभर पाहणी करतं. २०१९ च्या पाहणीत, आधीच्या वर्षभरात ज्यांचं कुणाशी तरी जमलं होतं अशा मुलामुलींपैकी ८.२ टक्क्यांनी जोडीदारानं मारल्याचं सांगितलं. लैंगिक जबरदस्ती झाल्याचं सांगणारेही ८.२ टक्केच निघाले, पण हा आकडा मुलींत १२.६ आणि मुलांत ३.८ होता. म्हणजे ज्यांचं जमलंय अशा तीस जणांमागे दोन-तीन मुलं. हिस्पॅनिक मुलांचे आकडे गोऱ्या किंवा काळ्या मुलांपेक्षा फार वेगळे नसतात. 'त्यांच्यातच हे चालतं' असं म्हणणाऱ्यांना, आणि आपल्या देशी पार्ट्यांत ते सर्रास ऐकू येतं म्हणून सांगतो, या पाहणीत काही आधार सापडणार नाही.

शिवाय मारहाण ही फार पुढची पायरी. सुरुवात फोनवर होते. लोकेशन चोवीस तास चालू ठेवायचं. 'कुणाबरोबर आहेस' असं विचारलं की शेजारी बसलेल्यांसकट फोटो पाठवायचा. इन्स्टाग्रामचा पासवर्ड द्यायचा, नाही दिला तर 'लपवण्यासारखं आहे काय?' असा सवाल. दहा मिनिटांत उत्तर गेलं नाही की पंधरा मिस्ड कॉल. सोळा वर्षांच्या मुलीला यात पहिले काही महिने आपली काळजी दिसते, आणि तिच्या मैत्रिणींनाही तेच दिसतं. हे चित्र ह्यूस्टनचं आहे, तसंच ठाण्याचंही असू शकतं.

मग हिस्पॅनिक मुलांचा प्रश्न वेगळा काढून बोलायचं कशासाठी? कारण त्यातून बाहेर पडायची त्यांची वाट वेगळी आहे. कार्लोस क्वेवास आणि कियारा सबिना या संशोधकांनी देशभरातल्या दीड हजारांवर लॅटिनो (हिस्पॅनिकसाठीच वापरला जाणारा दुसरा शब्द) किशोरवयीन मुलांशी फोनवर बोलून एक मोठा अभ्यास केला. त्रास झालेल्या मुलांनी मदत मागितली ती बहुतेक वेळा मित्रमैत्रिणींकडे, जवळच्या माणसांकडे. शाळा, पोलीस, समुपदेशक यांच्यापर्यंत पोचलेली मुलं फार थोडी. कुटुंबाचा आधार भक्कम असेल तिथे धोका कमी दिसतो, हेही या क्षेत्रातल्या संशोधनातून पुन्हा पुन्हा पुढे आलं आहे. अनेक अभ्यासांत तर अमेरिकेत जन्मलेल्या, इथल्या रीतीभातीत मुरलेल्या लॅटिनो मुलांना नव्यानं आलेल्या मुलांपेक्षा जास्त धोका आढळला. सगळं खापर 'त्यांच्या मर्दानगीच्या संस्कृती'वर फोडणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं. संस्कृतीच रोग असती, तर तिच्यापासून दूर जाताना तब्येत सुधारायला हवी होती.

आता वर्गात शिकवून काय होतं ते पाहू. लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळांत 'ब्रेक द सायकल' या संस्थेचा तीन तासांचा अभ्यासक्रम होता. खरेखुरे वकील वर्गात येऊन नववीच्या मुलांना सांगत, की प्रेमातल्या मारहाणीबद्दल कायदा काय म्हणतो, संरक्षण आदेश, म्हणजे मारणाऱ्याला लांब ठेवणारा कोर्टाचा हुकूम, कसा मिळतो, तुमचे हक्क काय. रँड या संशोधन संस्थेनं त्याची रीतसर चाचणी घेतली आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापून आले. सुमारे अडीच हजार विद्यार्थी, त्यांतले बहुतेक लॅटिनो. मुलांना कायदा जास्त कळू लागला होता. वेळ आली तर वकिलाकडे जाऊ, असं म्हणणारेही वाढले होते. प्रत्यक्ष मारणं आणि मार खाणं मात्र तेवढंच राहिलं.

मला या अभ्यासाचं मोल इतर यशोगाथांपेक्षा जास्त वाटतं. कॅलिफोर्नियात बारा वर्षांवरची मुलं आईवडिलांना सोबत न घेता स्वतः संरक्षण आदेश मागू शकतात. कायदा एवढा मोकळा, तो शिकवायला वकील दारात, तरी काही हललं नाही. का नाही हललं, हे तो अभ्यास थेट सांगत नाही. माझा तर्क असा. नववीतल्या मुलीला कोर्टापर्यंत कुणीतरी गाडीतून न्यावं लागतं. अर्जात पत्ता लिहावा लागतो. त्या पत्त्यावर राहणाऱ्या मामाकडे अमेरिकेत राहायची कागदपत्रं नसतील, तर आपल्या अर्जामुळे त्याच्या दारावर कोण येईल, हा हिशेब ती पोरगी वकिलाआधी करते. तो मुलगा आईच्या मैत्रिणीचा असेल, तर रविवारी चर्चमध्ये काय होईल, हाही करते. कायद्याच्या तीन तासांत यातल्या कशाचंच उत्तर नव्हतं.

ही भीती मनाचे खेळ म्हणून सोडून देता येत नाही. २०१७ च्या पहिल्या तीन महिन्यांत ह्यूस्टनमध्ये हिस्पॅनिक लोकांनी नोंदवलेल्या बलात्काराच्या तक्रारी आदल्या वर्षाच्या त्याच काळापेक्षा ४२.८ टक्क्यांनी घटल्या, असं तेव्हाचे पोलीसप्रमुख आर्ट असेवेडो यांनी जाहीर केलं. त्याच काळात इतर समाजांच्या तक्रारी वाढल्या होत्या. लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख चार्ली बेक यांनीही त्याच सुमारास लॅटिनोंच्या तक्रारी घटल्याचं सांगितलं होतं आणि कारण म्हणून हद्दपारीच्या भीतीकडे बोट दाखवलं होतं. गुन्हे एकाएकी कमी झाल्याचा आनंद दोघांपैकी कुणालाच झाला नव्हता. पुढे जानेवारी २०२५ मध्ये शाळा, चर्च, इस्पितळं इथे स्थलांतरितांची धरपकड टाळावी, ही अनेक वर्षांची मार्गदर्शक सूचनाही रद्द झाली. अठरा वर्षांखालची बहुतेक लॅटिनो मुलं जन्मानं अमेरिकन नागरिक आहेत. पण घरात एक जण जरी कागदांविना असला, तरी सगळं घर तसंच जगतं.

कायद्यातली एक फट तर बहुतेकांच्या गावीही नसते. १९९४ च्या महिला हिंसाचारविरोधी कायद्यानं, अमेरिकन नागरिक नवऱ्याकडून छळ होत असलेल्या स्थलांतरित बाईला नवऱ्याच्या मदतीशिवाय स्वतःच ग्रीन कार्डाचा अर्ज करायची सोय दिली. फार मोठी गोष्ट होती ती. पण ती सोय लग्नाच्या नात्याला आहे, आईबाप छळत असतील तर मुलांनाही आहे. सतरा वर्षांच्या, कागद नसलेल्या मुलीला तिचा प्रियकर मारत असेल, तर त्या दारातून तिला प्रवेश नाही. तिच्यासाठी उरतो तो गुन्ह्याला बळी पडलेल्या स्थलांतरितांसाठी २००० साली आलेला यू व्हिसा. त्यासाठी पोलिसांना किंवा सरकारी वकिलांना सहकार्य केल्याचं प्रमाणपत्र लागतं, मूळ अर्जदारांना वर्षाला मिळतात फक्त १०,००० व्हिसा, आणि रांग कित्येक वर्षांची. म्हणजे ज्या पोलिसांची भीती, त्यांच्याच शिक्क्यावर सुटका. वकिलांच्या तासाला या मुलीनं काय लिहून घ्यायचं?

घराला हाताशी धरून केलेल्या कामांचा अनुभव जास्त आशा देतो. उत्तर कॅरोलायनात संशोधक व्हँजी फोशी यांनी १९९४ पासून जॉन्स्टन काउंटीच्या चौदा शाळांत 'सेफ डेट्स' हा प्रेमातली मारहाण टाळायचा कार्यक्रम राबवला. दहा तास, एक नाटक आणि पोस्टर स्पर्धा. चार वर्षांनंतरही त्याचा परिणाम दिसत होता. नंतर फोशींनीच त्याची घरगुती आवृत्ती काढली. पुस्तिका टपालानं घरी पाठवायच्या, आईबापांनी मुलांसोबत बसून त्या सोडवायच्या. मायामीत रोझा गोन्सालेस-ग्वार्दा यांनी क्युबन वंशाच्या नववीतल्या मुलांसाठी 'होव्हेन' नावाचा कार्यक्रम बेतला. त्यात मुलांबरोबर आईवडील आणि शाळेतली माणसंही सामील होती. सीडीसीनं 'डेटिंग मॅटर्स' या नावानं ओकलंड, शिकागो, बाल्टिमोर आणि फ्लोरिडातली ब्रॉवर्ड काउंटी इथल्या ४६ शाळांत अकरा ते चौदा वयाच्या मुलांसाठी पालकांचे वर्ग, शिक्षकांचं प्रशिक्षण आणि मोठ्या मुलांची मदत असं सगळं एकत्र केलं. त्याची तुलना थेट 'सेफ डेट्स'शी झाली, आणि त्यापेक्षाही मारहाण आठ ते दहा टक्क्यांनी कमी भरली. आकडा डोळे दिपवणारा नाही. पण आधीच बरं काम करणाऱ्या कार्यक्रमापेक्षा जास्त, म्हणून मी तो गंभीरपणे घेतो.

यावर एक रास्त आक्षेप येईल. ज्या आईनं स्वतः वीस वर्षं मार खाल्ला, ती मुलीला काय सांगणार? सोस. पुरुष असतात तसे. घरातलं घरात ठेव. हे होतं, आणि आपल्याकडे होत नाही असं समजायचं कारण नाही. 'झाकली मूठ' जपायची सवय दोन्हीकडे सारखीच आहे. काही घरांत तर आईकडे जाणं म्हणजे मोठ्या भावाच्या हाती मुलीला देणं. पण हा आक्षेप घराला वगळा असं सांगत नाही, आधी आईपाशी जा असं सांगतो. फोशींनी तेही करून पाहिलं होतं. नवऱ्याच्या छळातून बाहेर पडलेल्या आयांसाठी आणि त्यांच्या किशोरवयीन मुलांसाठी त्यांनी वेगळा कार्यक्रम रचला. ज्या बाईनं हे भोगलंय, तिला शाळेच्या समुपदेशकापेक्षा धोका लवकर दिसतो. फक्त तिला कुणीतरी विचारायला हवं, तिच्या भाषेत, तिच्या वेळेला, आणि तिच्या कपाळावर 'वाईट आई' असा शिक्का न मारता. मिनेसोटात सेंट पॉलला १९८२ पासून 'कासा दे एस्पेरान्सा', म्हणजे आताचं 'एस्पेरान्सा युनायटेड', हे काम लॅटिना बायकांना पुढे ठेवूनच करत आलंय. कामाला माणसं नाहीत, असं म्हणायला जागा नाही.

माझ्या मते सगळ्यात चांगली संधी तर कुणी पाहतच नाही. लॅटिनो घरांत मुलगी पंधरा वर्षांची झाली की किन्सेआन्येरा होतो. आपल्याकडे लग्नात होते तेवढी धावपळ: हॉल, जेवण, मोठा घेरदार झगा, आणि खर्च वाटून घेणारे धर्ममायबाप. सकाळी चर्चमध्ये मिस्सा. बऱ्याच चर्चमध्ये त्याआधी मुलीला तयारीच्या वर्गाला बसावं लागतं, पुष्कळदा आईवडिलांसोबत. संध्याकाळी बाप मुलीच्या पायांतले सपाट बूट काढून उंच टाचांचे घालतो आणि तिच्याबरोबर वॉल्ट्झ नाचतो. बऱ्याच घरांत मुलाशी बोलायची, बाहेर जायची परवानगी याच सुमारास मिळते. म्हणजे पहिल्या प्रेमाच्या उंबरठ्यावर आई, मावश्या, धर्ममाय, पाद्री असे सगळे त्या मुलीभोवती महिनोन् महिने असतात, आणि बोलणं काय चालतं? झग्याच्या रंगाचं. त्या तयारीच्या वर्गातले दोन तास स्पॅनिशमध्ये या विषयाला द्यायला काय हरकत आहे? तिथे गव्हर्नरांची अटही आड येत नाही. चर्चला शाळेसारखी चिठ्ठी लागत नाही.

आणि मुलगे? तेही तिथेच असतात. मुलीच्या मैत्रिणींच्या जोडीला चौदा-सोळा वर्षांच्या मुलांचा ताफा असतो, त्यांना चांबेलान म्हणतात. नाच बसवायला ही मुलं कित्येक आठवडे शनिवार-रविवार कुणाच्या तरी गॅरेजमध्ये किंवा पार्किंगमध्ये जमतात. पावलं चुकली की नाच बसवणारा ओरडतो, ते हसतात, पुन्हा सुरू करतात. मुलीचा हात किती घट्ट धरायचा, हे तो तसंही शिकवतच असतो. सॅक्रमेंटोतल्या सोळा शाळांत संशोधक एलिझाबेथ मिलर यांनी खेळाच्या प्रशिक्षकांना हाताशी धरलं होतं. मुलींशी कसं वागायचं याबद्दल प्रशिक्षक आठवड्यातून दहा-पंधरा मिनिटं मैदानावरच मुलांशी बोलत. वर्षभरानं पाहिलं तर त्या खेळाडूंच्या हातून होणारा छळ इतरांपेक्षा कमी भरला. मुलं ज्या मोठ्या माणसाचं ऐकतात, त्यानं थोडं पण नेमानं बोललं की फरक पडतो. नाच बसवणारा तसा माणूस का नसावा? जेरी टेल्यो आणि नॅशनल कोम्पाद्रेस नेटवर्कचे कार्यकर्ते लॅटिनो मुलग्यांना 'शब्दाला जागणारा पुरुष' ही त्यांच्याच परंपरेतली कल्पना समोर ठेवून घडवत आलेत. मर्दानगी सोडा असं पंधरा वर्षांच्या पोराला सांगून काही होत नाही; कोणती मर्दानगी धरायची, ते दाखवावं लागतं.

शाळांना यातून सूट नाही. न्यूयॉर्कच्या माध्यमिक शाळांत 'शिफ्टिंग बाउंडरीज' नावाचा प्रयोग झाला, त्यात मुलांना शाळेचा नकाशा देऊन भीती वाटणाऱ्या जागा रंगवायला सांगितल्या: जिन्याखालचा कोपरा, कँटीनची रांग, लॉकरची बोळ. मग त्या जागी मोठी माणसं उभी केली. या इमारतीतल्या बदलांचा परिणाम दिसला. नुसत्या वर्गातल्या धड्यांचा तसा दिसला नाही. खर्चही बेताचा.

टेक्सासपुरतं म्हणायचं तर अट उलटी करायला हवी. नको असेल त्यानं कळवावं, बाकी सगळी मुलं बसतील. हक्क तसाही शाबूत राहतो. ज्या दिवशी तो तास, त्याच आठवड्यात संध्याकाळी सातनंतर स्पॅनिशमध्ये पालकांची बैठक, जेवणासह, धाकट्या भावंडांना सांभाळायची सोय ठेवून, आणि ती घ्यायला वस्तीतलीच 'प्रोमोतोरा', म्हणजे आपल्या आशाताईंसारखी आरोग्य कार्यकर्ती, मानधन देऊन. बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट सांगायचं, की मुलीनं समुपदेशकाला काही सांगितलं तर ते कुणाकुणाला कळवणं कायद्यानं भाग आहे आणि कुणाला कळवलं जाणार नाही. हे ज्या शाळेला छातीठोकपणे सांगता येत नसेल, तिनं आधी आपल्या वकिलांना विचारून यावं आणि मग आईला बोलवावं.